गाडीचं पंक्चर काढताना: रस्त्यावरच्या पट्टीपासून आतल्या पॅचपर्यंत

टायरमध्ये खिळा घुसलेला दिसला तर तो तिथेच राहू द्या. हाताशी पक्कड असली तरी ओढू नका. मोटारीचे टायर आता बहुतेक ट्यूबलेस असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला हवा धरून ठेवणारा मऊ रबराचा थर असतो. खिळा आत शिरतो तेव्हा हा थर त्याच्याभोवती आवळून बसतो. त्यामुळे हवा एकदम जात नाही, हळूहळू उतरते. खिळा उपटला की भोक मोकळं झालं आणि गाडी जागेवर बसली. हवा भरून जवळच्या दुकानापर्यंत सावकाश जाता येत असेल, तर खिळ्यासकट जा.

नागपुरात टायरला काय टोचेल हे बरंचसं भागावर ठरतं. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीच्या रस्त्यांवर लेथवरचा धारदार लोखंडी कीस आणि पत्र्याचे तुकडे. बेसा, मनीषनगर, जामठा या बाजूला जिथे इमारती उभ्या राहतायत तिथे सेंट्रिंगचे खिळे आणि सळ्या बांधायची तार. कळमना मार्केटच्या आसपास लाकडी खोक्यांचे खिळे. पावसाळ्यात पाणी हा सगळा कचरा वाहून रस्त्याच्या कडेला, सिमेंट रोडलगतच्या मातीत आणून टाकतं. शिवाय ओल्या रबरात टोकदार वस्तू कोरड्यापेक्षा सहज शिरते. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी अगदी डाव्या कडेने न चालवलेली बरी.

मला आवर्जून सांगायचंय ते हे: पंक्चरच्या दुकानात पाच-दहा मिनिटांत बाहेरून भोकात ठोकलेली चिकट रबराची पट्टी हा प्रथमोपचार आहे. शहरातल्या शहरात चार दिवस फिरायला ती चालते. पण मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना वर्धा रोडला लागायचं असेल, किंवा समृद्धी महामार्गावर ताशी 120 ने शिर्डी-मुंबईकडे जायचं असेल, तर टायर रिमवरून उतरवून आतून पाहिलेला आणि आतून पॅच लावलेला हवा. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. तेवढा वेळ द्यायलाच हवा.

पंक्चर आहे की नुसती हवा उतरलीय

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची पहाट दहा अंशांच्या आसपास येते आणि सकाळी सकाळी डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की मोटारीच्या टायरमधली हवा साधारण दीड पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) कमी होते. म्हणून आधी चारही चाकं तपासा. चारही सारखीच उतरली असतील तर ती थंडी आहे, हवा भरून मोकळे व्हा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा चार-पाच पीएसआयने खाली असेल आणि भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, तर पंक्चर धरून चाला.

हवा किती हवी हे टायरवर वाचू नका. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत तो 30 ते 36 पीएसआयच्या दरम्यान सापडेल. घरातली पाच माणसं आणि सामान घेऊन निघताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगळे आकडे दिलेले असतात, तेही त्याच स्टिकरवर असतात.

चालत्या गाडीत ओळखायचं तर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, गाडी जड वाटते, आणि हवा अगदीच उतरली की थप-थप आवाज यायला लागतो. तो आवाज आला म्हणजे टायरची बाजू रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिरडली जातेय. त्या अवस्थेत एखादा किलोमीटर पुढे रेटलेली गाडीही टायर भंगारात घालू शकते. मग भोक खिळ्याएवढं लहान असलं तरी उपयोग नाही.

रस्त्यावर थांबताना

शहरात हे सोपं आहे. ब्लिंकर लावा, डावीकडे सपाट जागा पाहून थांबा. उड्डाणपुलावर असाल तर हळूहळू खाली उतरून मग थांबा.

हायवेवर आणि समृद्धीवर सगळं लक्ष मागून येणाऱ्या गाड्यांकडे हवं. वेग एकदम तोडू नका, जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी डाव्या शोल्डरवर न्या, जितकी डावीकडे जाईल तितकी. गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास मीटर लांब ठेवा, वेगवान रस्त्यावर त्याहून जास्त. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. मुलं आणि म्हातारी माणसं गाडीतच बसून राहतात, बाहेर ऊन आहे म्हणून. तसं करू नका, उन्हात छत्री धरून उभं राहणं परवडतं.

पंक्चर उजव्या चाकाचं असेल आणि चाक बदलताना तुमची पाठ धावत्या लेनकडे येत असेल, तर चाक बदलायलाच जाऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि कुठेही 112 वर फोन लागतो. मदत येईपर्यंत थांबा. रात्रीच्या वेळी तर हा नियम डाव्या चाकालाही लावा.

स्टेपनी चढवणं

हे काम प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला यायला हवं. घरातल्या सगळ्यांनी एकदा अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून पाहावं, म्हणजे रस्त्यावर गोंधळ होत नाही.

गाडी पहिल्या गियरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कवर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. पंक्चर असलेल्या चाकाच्या कर्णावरच्या, म्हणजे तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दोन मोठे दगड लावा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागचं चाक उचललं की त्याची अर्धी पकड गेली, म्हणून दगड सोडू नका.

आता जॅक लावण्याआधी नट सैल करा. चाक जमिनीवर असताना ते फिरत नाही, त्यामुळे जोर लागू पडतो. पाना नटावर पूर्ण खोल बसवून उलट्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, प्रत्येक नट फक्त अर्धा फेरा सोडवा. नट हटत नसेल तर पान्याचा दांडा आडवा ठेवून पायाने दाब द्या. उडी मारू नका, पाना निसटून नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट कापूनच काढावा लागतो.

जॅकची जागा ठरलेली असते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, प्रत्येक ठिकाणी शेजारी-शेजारी दोन खाचा असतात. जॅकचं डोकं त्या दोन खाचांच्या मध्येच बसायला हवं. बाजूला बसलं तर पत्रा वाकतो किंवा गाडी घसरते. इथे विदर्भाची जमीन लक्षात घ्या. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची काळी माती लोण्यासारखी मऊ झालेली असते. जॅक गाडीला उचलायच्या ऐवजी स्वतःच खाली जातो. मे महिन्याच्या दुपारी डांबरही इतकं नरम होतं की जॅकचा पाय त्यात रुततो. यावर उपाय म्हणजे डिक्कीत एक जाड लाकडी फळी ठेवायची, साधारण फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड. जॅक तिच्यावर ठेवा. आणि दुपारी काम करणार असाल तर जाड कापडी हातमोजे घाला, उन्हात पडलेला पाना नुसत्या हाताने धरवत नाही.

गाडी उचलताना उतरलेल्या टायरपुरतं उचलून थांबू नका. स्टेपनी हवा भरलेली, म्हणजे जास्त गोल असते, तिला आणखी दोन-तीन इंच जागा लागते. गाडी जॅकवर असताना शरीराचा कुठलाही भाग तिच्याखाली जाता कामा नये. काढलेलं चाक जॅकच्या शेजारी गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक निसटला तर गाडी त्याच्यावर टेकेल.

स्टेपनी बसवून सगळे नट हाताने फिरवून आत न्या. हाताने सहज फिरत नसेल तर आटे जुळलेले नाहीत, काढून परत लावा. मग पान्याने हलके आवळा, जॅक थोडा उतरवून चाक जमिनीला टेकवा आणि शेवटचा जोर तेव्हा द्या. आवळायचा क्रम गोल नाही, समोरासमोरचा: एक नट झाला की त्याच्या समोरचा. पाच नट असतील तर चांदणी काढतो तसा एक सोडून एक. बहुतेक मोटारींना सुमारे 100 न्यूटन-मीटरची आवळणी लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण 35 किलोचा जोर म्हणजे तेवढं होतं. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर जवळपास दुप्पट होतं आणि बोल्टचे आटे ताणले जातात. म्हणून शेवटचा जोर हाताचाच असू द्या. 50 किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.

काही गाड्यांची स्टेपनी बारीक असते, तिच्यावर ताशी 80 ची मर्यादा छापलेली असते आणि हवा बऱ्याचदा 60 पीएसआय लागते. ती फक्त दुकानापर्यंत जाण्यासाठी आहे. काही सात आसनी गाड्यांत स्टेपनी डिक्कीत नसून गाडीच्या पोटाखाली, साखळीला टांगलेली असते. ती साखळी चिखलाने गंजून अडकते, म्हणून पावसाळ्याआधी एकदा खाली-वर करून तेल द्या.

स्वतः पट्टी भरणं

स्टेपनी नाही, किंवा तिचीही हवा गेलेली आहे, तेव्हा हे कामाला येतं. ट्यूबलेस पंक्चर किट कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. त्यात खरखरीत दांड्याचा टोचा, डोळा असलेली जाड सुई, चिकट तपकिरी पट्ट्या आणि रबर सोल्युशनची ट्यूब असते. सोबत पक्कड, ब्लेड आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप पाहिजे. किट घेताना टोचा आणि सुईची मूठ धातूची घ्या. प्लास्टिकची मूठ नेमकी जोर लावताना तुटते आणि हाताला लागतं.

आधी भोक शोधा. टायरमध्ये हवा भरून घ्या, 30 च्या आसपास, मग चाक थोडं थोडं पुढे सरकवत सगळी ग्रिप, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग, नजरेखालून घाला. खिळा दिसला नाही तर पाण्याच्या बाटलीत थोडा साबण किंवा शॅम्पू घालून ओता. पंक्चरच्या जागी बारीक पांढऱ्या बुडबुड्यांची रांग एकाच ठिकाणाहून उठत राहते. पाणी ओसरतं तसे बाकीचे बुडबुडे फुटून जातात, हे मात्र वाढत राहतात. तिथे खडूने खूण करा. एक सापडलं की थांबू नका, पूर्ण चक्कर मारा. कधी कधी दोन खिळे एकाच वेळी लागलेले असतात.

आता पाहा की भोक कुठे आहे. सर्वांत बाहेरच्या उभ्या खाचांच्या आतला ग्रिपचा भाग असेल तर पट्टी भरता येते. टायरच्या खांद्यावर किंवा बाजूला असेल तर भरू नका. तो भाग दर फेऱ्याला वाकतो-सरळ होतो, पट्टी तिथे टिकत नाही, आणि सुटली तर हवा एकदम जाते.

पक्कड लावून खिळा ज्या तिरकेपणाने शिरलाय त्याच तिरकेपणाने बाहेर ओढा आणि तो कोन लक्षात ठेवा. टोचाही त्याच कोनात घालायचा आहे. सरळ घातला तर तो दुसरंच भोक पाडतो आणि मूळचं तिरकं भोक तसंच गळत राहतं. टोच्याला थोडं सोल्युशन लावा, आत दाबा आणि दहा-बारा वेळा आत-बाहेर करत फिरवा. रेडियल टायरमध्ये ग्रिपखाली पोलादी तारांचे थर असतात, त्यामुळे जोर लागतो. तारांची टोकं बाजूला होऊन भोक गुळगुळीत झालं पाहिजे, नाहीतर तीच टोकं पुढे पट्टी कापतात.

टोचा भोकातच ठेवून पट्टी तयार करा, म्हणजे हवा कमी जाते. पट्टी सुईच्या डोळ्यातून अर्धी ओवून दोन्ही टोकं सारखी करा, वरून सोल्युशन चोपडा. सोल्युशन पेट घेतं, आसपास बिडी-सिगारेट नको. टोचा काढला की लगेच सुई दोन्ही हातांनी, शरीराचं वजन टाकून, त्याच कोनात दाबा. पट्टीची दोन्ही टोकं साधारण एक सेंटिमीटर बाहेर उरली की थांबा. मग सुई न फिरवता एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. डोळ्याला फट असते, पट्टी आत दुमडून अडकते आणि सुई एकटी बाहेर येते. हळूहळू ओढली तर पट्टीही सोबत येते.

बाहेर उरलेली टोकं ब्लेडने कापा, पण ओढून ताणून नाही. दोन-तीन मिलिमीटर ठेवूनच कापा, रस्त्यावर ती आपोआप घासली जातात. साबणाचं पाणी परत टाका, पाच मिनिटं बघा. बुडबुडे नसतील तर हवा पूर्ण भरा. पंप लावताना इंजिन चालू ठेवा, बॅटरी उतरणार नाही. छोटे पंप दहा मिनिटांत चांगले तापतात, मधे थांबवून गार होऊ द्या.

ही पट्टी भरल्यावर ताशी 60-80 च्या वर जाऊ नका आणि जमेल तितक्या लवकर दुकान गाठा.

दुकानात: टायर खोलायला सांगा

नागपुरातल्या बहुतेक पंक्चरच्या दुकानांत न विचारता पट्टीच भरली जाते. स्वस्त पडते आणि गिऱ्हाईकही घाईत असतं. तुम्हीच सांगायला हवं, "भाऊ, टायर खोला, आतून मशरूम पॅच लावून द्या." "काही गरज नाही हो, पट्टी दोन वर्षं चालते," असं उत्तर येईल. काही वेळा चालतेही. पण पट्टीमध्ये पावसाचं पाणी पोलादी तारांपर्यंत झिरपायला वाट राहते, तारा गंजतात आणि ग्रिप आतून सुटायला लागते. हे बाहेरून दिसत नाही. आणि टायर आत कसा आहे हे तर पट्टी भरताना कोणीच बघत नाही. पॅचचं काम ज्याच्याकडे चाक खोलायचं मशीन आणि बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचा तोल साधायची सोय, आहे अशा टायरच्या दुकानात करा. भाव आधी विचारून ठरवा.

मशीनवर चाक चढवण्याआधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची खूण करायला लावा. परत बसवताना टायर तिथेच बसला तर बॅलन्सिंग फारसं बिघडत नाही.

टायर उतरला की स्वतः वाका आणि मोबाइलच्या टॉर्चने आत पाहा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि फार थोडे लोक करतात. टायर हवेविना चालवला गेला असेल तर आत काळी रबराची पूड सापडते, चहापत्तीसारखी, आणि साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या, आतल्या अंगाला सगळीकडून एक घासलेली, सुरकुतलेली कड दिसते. बोट फिरवलं की खरखर लागते. अशा टायरची बाजू आतून मोडलेली आहे. हवा भरल्यावर तो बाहेरून धडधाकट दिसेल, पण ताशी शंभरवर, तापलेल्या सिमेंट रोडवर, तो फुटण्याची भीती खरी आहे. तो दुरुस्त करू नका, कितीही नवा असला तरी.

आत ठीक असेल तर पुढचं काम असं चालतं. भोकाच्या मापाचा, साधारण सहा मिलिमीटरचा कटर घेऊन भोक त्याच्याच कोनात साफ करतात. सहा मिलिमीटरपेक्षा मोठी जखम असेल तर पॅच लावू नये, टायर बदलावा. मग आतल्या थरावर पॅचपेक्षा थोडी मोठी जागा घासून मखमलीसारखी करतात. इथे घाई होते. चकाकी पूर्ण गेली पाहिजे, पण आतले धागे उघडे पडता कामा नयेत. घासलेली पूड झाडून सोल्युशन लावतात आणि ते सुकू द्यावं लागतं. बोटाला चिकटल्यासारखं वाटेल पण बोटावर येणार नाही, इतकं. ओल्या सोल्युशनवर पॅच लावला तर तो आठवड्यात उचलतो. याच टप्प्यावर दुकानदाराला म्हणा, "घाई नाही, सुकू द्या."

मशरूम पॅचला मधे दांडी असते. ती आतून भोकात घालून बाहेरून ओढतात, म्हणजे भोक भरतं आणि टोपी आतून चिकटते. टोपीवर छोट्या दातेरी चाकाने मधून कडेकडे दाब देत जातात, खाली हवा अडकू नये म्हणून. बाहेरची दांडी ग्रिपच्या बरोबरीने कापतात. आधी तिथे पट्टी भरलेली असेल तर ती काढून भोकाचं माप परत पाहायला लावा. जुन्या पॅचवर नवा पॅच चढणार असेल तर नको म्हणा.

टायर रिमवर बसताना फट्-फट् असे दोन आवाज येतात, दोन्ही कडा जागेवर बसल्याचे. हवा 40 पीएसआयपर्यंत नेऊनही कड बसत नसेल तर आणखी न भरता हवा सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून परत करायला सांगा. अशा वेळी चाकावर वाकून कोणी उभं राहू नये. मग पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे पाहायचे, चाक बॅलन्सिंगला लावायचं. गाडीला चाक चढवताना हवेच्या गनने नट करकचून आवळतात. गन हलकी वापरून शेवटचा जोर हाताच्या पान्याने द्यायला सांगा.

एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्या. "एक नाही, चार पंक्चर आहेत" असं कुठल्याही दुकानात सांगितलं गेलं तर टायर टाकीत बुडवून प्रत्येक भोक दाखवायला सांगा. प्रत्येक भोकातून निघालेला खिळा किंवा काच मागा. प्रामाणिक कारागीर हे आनंदाने दाखवतो. टोकदार हत्यार चाकावर चालत असताना तुम्ही तिथेच उभे असा.

भोक सापडतच नाही तेव्हा

हवा उतरते, पण टाकीत ग्रिपमधून काही येत नाही. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. आतली पिन सैल असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडातून बुडबुडा येतो, पिन आवळून किंवा बदलून काम होतं. व्हॉल्व्हचं रबर रिमजवळ वाकवून पाहा. इथल्या उन्हात त्याला बारीक भेगा पडतात. टायर बदलताना व्हॉल्व्हही बदलून घ्या, खर्च अगदी किरकोळ आहे. तिसरी जागा म्हणजे टायर आणि रिम भेटतात ती कड. जुन्या अलॉय व्हीलवर तिथे पांढरी बुरशीसारखी गंज धरते. टायर उतरवून तारेच्या ब्रशने कड साफ करावी लागते. खड्ड्यात आदळून रिम वाकली असेल तर तेही इथेच कळतं.

उन्हाळ्यातली हवा

"उन्हाळा आहे, हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा" हा सल्ला नागपुरात घरोघरी मिळतो आणि तो चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकण्याने आतून तापते, आणि ती उष्णता बाहेरच्या उन्हापेक्षा घातक असते. स्टिकरवरचा आकडा गार टायरसाठी असतो आणि चालताना तीन-चार पीएसआय वाढणं त्यात धरलेलं असतं. सकाळी, गाडी निघण्याआधी हवा तपासा. पंपावर पोचेपर्यंत टायर गरम झाला असेल आणि आकडा वर दिसत असेल तर हवा सोडू नका. पेट्रोल पंपावर हवा मोफत भरून देणं ही पंपाची जबाबदारी आहे, निःसंकोच मागा.

नायट्रोजन भरला तर वाईट काही नाही, त्यात ओलावा कमी असतो. पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच आहे. नायट्रोजन भरलेला पण आकड्याने कमी असलेला टायर समृद्धीवर नेण्यापेक्षा साध्या हवेचा पण बरोबर आकड्याचा टायर केव्हाही चांगला.

समृद्धीवर जाण्याआधी टायरचं वयही पाहा. बाजूवर अंडाकृती चौकटीत चार अंक असतात: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. ग्रिपच्या खाचेतल्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजलं, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं, की टायर बाद. साइडवॉलवर फुगा किंवा चीर असेल तर ग्रिप कितीही उरलेली असली तरी बाद. नवे टायर जोडीने घ्या आणि ती जोडी मागच्या चाकांना बसवा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी सावरत नाही.

डिक्कीत काय हवं

2020 च्या नियमबदलानंतर, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींना स्टेपनी देणं सक्तीचं राहिलेलं नाही. नवी गाडी घेताना डिक्की उघडून पाहा, स्टेपनी आहे की फेसाची बाटली. बाटलीतला फेस ग्रिपमधली लहान भोकं बंद करतो, फाटलेल्या बाजूला त्याचा उपयोग नाही. तो वापरला असेल तर टायर खोलणाऱ्याला आधीच सांगा, आतला चिकटा पुसल्याशिवाय पॅच बसत नाही. बऱ्याच सीएनजीच्या गाड्यांत स्टेपनी सिलिंडरमागे अडकलेली असते, ती कशी निघते हे घरीच करून पाहा.

बाकी लागतं ते थोडं: जॅक, पाना, लाल त्रिकोण, लाकडी फळी, हातमोजे, टॉर्च, हवा मोजायचा गेज, पंप, पंक्चर किट. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतच सुकते आणि फेसाच्या बाटलीवरही मुदत छापलेली असते. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करतो त्याच सकाळी डिक्की रिकामी करा, स्टेपनीत हवा भरा, जॅकच्या आट्यांना तेल द्या आणि सुकलेली ट्यूब बदलून टाका.